तो फुटला नव्हता

डाव्या हाताचा तळवा टेबलावर आपटायचा आणि मगच तो बोलायला लागायचा. "फुकट आहे म्हणून फालतू चालणार नाही." ऐकणारी आम्ही सात-आठ माणसं, आणि चहा सांडायचा तो नेमका माझा.

नायगावच्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही जमत असू. कोणाच्याही मालकीची नसलेली, कोणीही फुकट घ्यावी आणि सुधारावी अशी एक संगणक प्रणाली होती. तिच्यातली वाक्यं मराठीत आणायची. पगार कोणालाच नाही. बहुतेक जण तरुण इंजिनिअर. म्हातारे दोघंच, तो आणि मी. लालबागच्या एकाच चाळीतले, एकाच गिरणीतले. गिरणी संपानंतर तो डाव्या हाताने मराठी टायपिंग शिकला आणि छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून जगला. फुकटच्या कामाला पगारी कामापेक्षा जास्त जपणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

चालू प्रोग्रॅम थांबवायच्या आज्ञेला इंग्रजीत मारून टाकणं म्हणतात. एका पोराने ते सरळ 'ठार करा' असं आणलं. तळवा आपटला.

"ठार केलेला माणूस बघितलायस काय रे? नाय ना? मग 'बंद करा' लिही."

पोरं हसली. मी खाली बघत राहिलो. त्याचा उजवा हात मांडीवर होता. त्याची तीन बोटं वाकडी होती, आणि ती कोणी वाकडी केली ते मला माहीत होतं.

संपाच्या दुसऱ्या वर्षी चाळीत खायचे वांधे होते. चोरून कामावर जाणाऱ्याला फुटीर म्हणत, आणि आमच्या चाळीतल्या फुटीरांची नावं काढायचं काम माझ्याकडे होतं. एका सकाळी तो गिरणीच्या गेटातून बाहेर पडताना दिसला, हातात गाठोडं. मी त्याला काही विचारलं नाही. संपवाल्यांना नाव सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चौघांनी त्याला नळावर गाठलं. मी पाचवा. आमच्या तोंडांना टॉवेल बांधलेले. मागून त्याच्या डोक्यावर गोणपाट टाकलं आणि जिन्याच्या पायरीवर पाडलं. तो साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, तुटलेला धागा जोडायचा हात उजवा. तो हात दगडावर ताणून, वर गुडघा रोवून, मनगट मी धरलं. एकाने मागावरचा लोखंडी टोकाचा धोटा आणला होता. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला त्याने आईला हाक मारली. तिसऱ्याला हाड मोडलं ते मला माझ्या तळव्यात कळलं. चौथा का घातला, ते घालणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. बायका गॅलरीतून बघत होत्या. खाली कोणी आलं नाही.

आठवड्याने एक बाई कायमची गावी निघाली. तिचा नवरा याच्या शेजारच्या साच्यावर होता, नुकताच वारला होता. नवऱ्याचा डबा आणि सदरा गिरणीच्या खात्यात राहिले होते, ते तिला हवे होते. तेवढ्यासाठी हा आत गेला होता, असं जाताना तिने मला सांगितलं. तोही सगळ्यांना तेच सांगत होता. कोणी ऐकलं नाही, आणि साक्ष द्यायला बाई उरली नव्हती. मी होतो. मी गप्प राहिलो. चाळीने त्याला वाळीत टाकलं, पूजेचा प्रसादही त्याच्या दारात जाईना.

तो फुटला नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

माडीवरून परत येताना तो चाळीच्या कोपऱ्यावर थांबायचा. "तू पुढे हो. माझ्याबरोबर दिसलास तर उगाच तुला बोलतील." मी पुढे होत असे.

आमच्या कामाची एक रीत होती. कोणी काही बदललं की त्याचं नाव आणि कारण नोंदीत कायम राहतं. चूक पुसता येत नाही. वर नवी नोंद घालून दुरुस्त करायची. एका रविवारी त्याचं तीन महिन्यांचं काम गायब झालं. घरातली जुनी फाइल मी वर चढवली होती, तिने त्याचं सगळं गिळलं. मला ते लगेच कळलं, पण मी बोललो नाही. त्याने सगळ्यात तरुण पोराची कॉलर धरली, त्याला भिंतीवर आदळलं आणि कोपर गळ्यावर दाबलं. पोराचे डोळे पांढरे व्हायला लागले. पोराने कसाबसा संगणकाच्या पडद्याकडे हात केला. नोंदीत माझं नाव होतं.

कोपर सुटलं. "पोरगा मेला असता माझ्या हातून," तो मला म्हणाला. "आणि तू बसून बघत होतास?"

मी त्याला जिन्यात नेलं आणि गोणपाटापासून सगळं सांगितलं. मनगट मी धरलं होतं, हेही.

त्याने त्या वाकड्या बोटांनीच मारलं. माझे पुढचे दोन दात गेले, त्याच्या बोटांतून रक्त आलं. मी पडल्यावर बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. मग दम लागून माझ्याच शेजारी पायरीवर बसला. मी माफी मागायला लागलो.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मी फुटलो नव्हतो ते मला माहितेय. चाळीत सांग."

सांगतो म्हणालो.

पुढच्या रविवारी तो आला. पोरांनी जुन्या नोंदींतून त्याचं काम परत काढून दिलं होतं. त्याने माझी तीन वाक्यं तपासली. दोन मंजूर केली, एक परत पाठवलं. कारण लिहिलं: 'जड झालं.' माझ्याशी तो पुन्हा बोलला नाही. दर रविवारी निघताना फक्त एकदा माझ्याकडे बघायचा आणि थांबायचा. मी चपला शोधायला लागायचो. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षांनी तोही गेला.

तिरडी उचलायला चाळीतलं कोणी पुढे झालं नाही. माडीवरची इंजिनिअर पोरं आली होती. खांदा कसा द्यायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिरडी एका अंगाला कलली, तेव्हा भटजींनी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. गळ्यावर कोपर सोसलेला पोरगा पुढे उजवीकडे होता.

गिरणीतले आम्ही म्हातारे समोरच्या फुटपाथवर उभे होतो. माझ्या बाजूला काठी टेकून, धोटा ज्याच्या हातात होता तो.

"फुटला नसता तर आपणच दिला असता खांदा," तो म्हणाला. "नाय रे?"

मी हो म्हणालो.