मटण बंद, गोळी बंद

"हे खाण्यामुळे झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजार जन्मापासूनचा आहे. तुमच्या मुलीचंही रक्त तपासून घ्या."

सिंहगड रस्त्यावरच्या एका इस्पितळात मी अँजिओप्लास्टीच्या खोलीबाहेर उभी होते. आत माझ्या नवऱ्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, नुकतीच बसवली होती. वय जेमतेम चाळिशीचं, सिगारेट नाही, दारू नाही. डॉक्टरांचं पहिलं वाक्य मला नीट ऐकूही आलं नाही. मुलीचा विषय निघाला तेव्हा मात्र मी त्यांना सगळं पुन्हा सांगायला लावलं.

आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. डॉक्टरांनी मला ते कागदावर यकृत काढून समजावलं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल; शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. ते रक्तातून उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. पीसीएसके-नाईन नावाचं दुसरं एक प्रथिन हे रिसेप्टर मोडीत काढतं. आमच्या यांच्या अंगात उचलणारे रिसेप्टरच जन्मतः कमी. त्यामुळे कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं, रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतं आणि तिथे त्याचा थर जमतो. यांच्या टाचेमागे एक गाठ होती, चपलेने झालेली असं आम्ही समजायचो. तीही कोलेस्टेरॉलचीच निघाली.

"कोलेस्टेरॉलची गोळी कायमची," डॉक्टरांनी बजावलं. "बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही."

धायरीत आमच्या घरी हे कोण ऐकणार? शेतं जाऊन इमारती आल्या, यांचं हार्डवेअरचं दुकान झालं. पण कोलेस्टेरॉल मटणातून येतं आणि मटणाबरोबर जातं, हे आमचं शास्त्र काही बदललं नाही. मी कोथरूडची, बी.एस्सी. झालेली. त्या पदवीला आमच्या घरात कुत्रंही विचारत नाही.

आमची सई कॉलेजात आहे. काटकुळी, मटणाच्या वासानेही उठून जाणारी. तिच्या तपासणीचा विषय काढला तर सासूबाई उखडल्या. "पोरगी वरणभात खाती. तिला कसलं आलंय कोलेस्टेरॉल? आता कुठं स्थळं यायला लागल्यात, आन् तुम्ही तिच्या नावानं आजार काढा. लगीन होऊ द्या, मग काय तपासायचं ते तपासा." यांनीही आईचीच री ओढली. तपासणी राहिली, आणि सई जिना चढताना दमली की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं.

मग श्रावण लागला. मटणाची भांडी घासून माळ्यावर गेली आणि यांनी गोळीही बंद केली.

"अगं, मटण बंद, मग गोळी मारणार कुणाला?"

मी म्हटलं, निदान डॉक्टरांना विचारू.

"विचार की. त्यांचाबी श्रावण असंल."

सगळे हसले. यांचं बोलणं गोड, त्यामुळे भांडणात कजाग नेहमी मीच ठरते. गोळ्यांची पट्टी मी रोज ताटाशेजारी ठेवत होते आणि ताट उचलताना ती तशीच परत येत होती.

गौरी जेवायच्या दिवशी दुकानात यांना दुसरा झटका आला.

पुन्हा त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, आवाज बंद केलेला टीव्ही. सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. गोळ्या कधीपासून बंद, हे डॉक्टरांनी विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांनी फाईल मिटली.

"अहो, श्रावण ताटात होता. यकृताला कोण सांगणार?"

मग इको झाली, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मेला होता. तो परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला यांचा इतका राग आला होता की रडूही येईना.

अतिदक्षता विभागात आम्हाला दोघींना आत सोडलं. यांचा आवाज पार खोल गेला होता. "आई, स्थळं राहू दे," हे म्हणाले. "आधी सईचं रगत तपासा."

सईचं एलडीएल यांच्याइतकंच निघालं. वरणभातावर.

सासूबाई रडल्या नाहीत. "मालकबी असंच बांधावर बसल्या बसल्या गेले हुते," एवढंच म्हणाल्या. ऐन उमेदीत गेलेल्या माझ्या सासऱ्यांच्या त्या मरणाला आमच्या घरी आजवर पुण्यवान मरण म्हणत आले होते.

आता यांना पंधरवड्याला पोटावर एक इंजेक्शन मिळतं. ते पीसीएसके-नाईनला अडवतं, म्हणजे उरलेले रिसेप्टर जास्त टिकतात. कोलेस्टेरॉल उतरलं आहे. हे मात्र खुर्चीतून उठून न्हाणीपर्यंत जातात आणि दारात धापा टाकत थांबतात. दुकान भाड्याने दिलं. सईची गोळी सुरू आहे. तिच्या रक्तवाहिन्या अजून चांगल्या आहेत, आणि आजार वेळेत कळला याबद्दल मी डॉक्टरांची जन्मभर ऋणी राहीन. तुमच्याही घरात कोणी लहान वयात असं बसल्या बसल्या गेलं असेल, तर त्याला पुण्याई म्हणू नका. मुलांचं रक्त तपासून घ्या.

गेल्या महिन्यात हडपसरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. सईने चहा देता देता स्वतःच आजाराचं सांगून टाकलं. मंडळी कळवतो म्हणाली आणि उठली. त्यांचा फोन येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं.

सासूबाई कप गोळा करत होत्या.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोरगी जित्ती हाय."