सुमित्राबाईंनी राखलेला बांध

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी सुमित्राबाई भांडी विसळायला पाणी आणायला म्हणून बांधाच्या खालच्या अंगाला उतरल्या, आणि रिकामी बादली हातात तशीच राहिली. पायथ्याशी बारा महिने करंगळीएवढी धार झिरपायची. आज ती मनगटाएवढी झाली होती. आणि लाल.

कोपरखैरण्याहून अर्ध्या तासावर, डोंगराच्या कुशीत हा बांध. कुणा दगडखाणवाल्याने घातलेला, मातीचा, आतून दगड लावलेला. खाण बंद पडली, मालक कुठे गेला कुणास ठाऊक. बांध मात्र राहिला. तळं भरलं की सुट्टीच्या दिवशी माणसं पोहायला लोटायची. काठावर सुमित्राबाईंची भज्यांची टपरी, तिला अठरा वर्षं झालेली.

त्यांचे वडील वामन मिठागराचे बांध राखायचे. लहानगी सुमित्रा त्यांच्या मागे अनवाणी फिरत खेकड्यांची बिळं शोधायची. ते सांगायचे, "पानी नितळ आला त भिवाचा नाय. गढूल आला त समज, बांध आतून खातंय."

सुमित्राबाई धापा टाकत वर आल्या. पाण्यात दीडेकशे माणसं, पोरंबाळं, वर स्पीकरवर गाणी. नुसत्या ओरडण्याने काय होणार? त्यांनी झारा उचलला आणि रिकाम्या कढईवर दणादण हाणायला सुरुवात केली.

"भायेर या! समदी भायेर या! बांध फुटल!"

"मावशी, भजी संपली काय?" पाण्यातून एक गडी हसला. त्याच्या खांद्यावर त्याची छोटी मुलगी होती.

सुमित्राबाई पुन्हा खाली धावल्या, ग्लासभर पाणी आणून त्यांनी त्याच्या नाकासमोर धरलं. ग्लासाच्या तळाशी लाल गाळ बसत होता. "ही बांधाच्या पोटातली माती हाय. आता हास."

गड्याने ग्लासाकडे पाहिलं, मग बांधाकडे. पुढच्या क्षणी तो सुमित्राबाईंपेक्षाही मोठ्याने ओरडत होता. दहा मिनिटांत तळं रिकामं झालं.

खालच्या पाड्यात चाळीस घरं. ती रिकामी करायला सुमित्राबाईंचा मुलगा मिथुन रिक्षा घेऊन तिकडे सुटला. त्यांनी कैनातला फोन लावला. ही बांधकामाची इंजिनिअर पोरगी दर रविवारी इथे फिरायला यायची. काही वेगळं दिसलं तर लगेच कळवा, असं तिने मागेच सांगून ठेवलं होतं.

"मावशी, बांधाच्या खालच्या अंगाला कुणाला राहू देऊ नका. मी पोलीस आणि फायर ब्रिगेडला कळवते. निघालेच."

ती येईपर्यंत पोहायला आलेल्या तरुणांच्या अंगात बळ संचारलं होतं. जवळच एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथून त्यांनी सिमेंटच्या गोण्या आणल्या आणि भोक बुजवायला निघाले. सुमित्राबाई हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या.

"बूच मारू नका! हितं कोंडलं त दुसरीकून फोडल. पानी जाव द्या, माती अडवा!"

"असं कसं अडवायचं?" कुणीतरी चिडून विचारलं.

"त्या बोलतायत ते बरोबर आहे." डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून कैनात उतार उतरत होती. "आधी वाळू, मग खडी, वर दगड. पाणी गाळून बाहेर पडलं पाहिजे. एकाने वर उभं राहा, बांध जरा जरी खचला तर ओरडा. चला!"

मग काय विचारता! बांधकामावरची घमेली आली, रांग लागली. वाळूचं घमेलं हातोहात खाली सरकू लागलं. फायर ब्रिगेडचे जवानही येऊन त्याच रांगेत उभे राहिले. सुमित्राबाई साडीचा काचा मारून सगळ्यात पुढे, गुडघाभर चिखलात. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या अंगात मिठागरावरची सुमित्रा संचारली होती.

कैनातने वर नजर टाकली. "तळं इतकं काठोकाठ कसं? जादा पाणी सांडव्यावरून जायला हवं होतं."

सुमित्राबाईंचा हात थांबला. सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे जिवावर आलं, पण त्या बोलल्या. "सांडव्यावर गोनी आमीच रचल्या, पोरी. मी आन मिथुननं, मे महिन्यात. पोहायला पानी खोल पायजे म्हनून."

कैनात सांडव्याकडे वळली. "मग काढायलाही तुम्हीच चला. पण एकेक थर. एकदम नाही."

पहिला थर निघाला आणि सांडव्यावरून पाणी गर्जत सुटलं. दुसरा निघाला. पाण्याची पातळी दगडांवरून बोट बोट उतरताना दिसू लागली, तशी वरून आरोळ्या उठू लागल्या. खाली धारेचा लाल रंग विटकरी झाला, मग चहासारखा. साडेतीनला कैनातने धारेखाली ओंजळ धरली. तिच्या तळहातावरच्या रेषा पाण्यातून स्वच्छ दिसत होत्या.

"नितळ!" सुमित्राबाई किंचाळल्या. ज्याला जो सापडला त्याला त्याने मिठी मारली. चिखलाने माखलेल्या सुमित्राबाईंना पाड्यातल्या बायांनी अक्षरशः उचललं.

पुढे तपासणी झाली. बांधात झाडांची मुळं आणि उंदरांची बिळं पार आतपर्यंत गेली होती. दुरुस्ती होईपर्यंत तळं अर्धं ठेवायचं आणि पोहणं बंद, असं ठरलं. टपरी उठली. नेहमीची काही गिऱ्हाइकं कुरकुरली, ऐन सीझन बुडाल्याचं सुमित्राबाईंनाही लागलं. आता त्या पाड्याच्या नाक्यावर भजी तळतात.

पण सकाळी सातला त्या बांधावर असतात. पाड्यातल्या चार बायांना घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात. कुठे ओल, कुठे भेग, कुठे नवं बीळ, सगळं कैनातला फोनवर कळवतात. सून नमिता आधी नाक मुरडायची. परवा तिनेच गवत बाजूला करून हाक मारली, "आत्याबाई, हितं बघा, बिळाची ताजी माती!"

"दिसला! पोरीला दिसला!" सुमित्राबाई अशा काही ओरडल्या, की पाड्यातली माणसं काय झालं म्हणून दारात आली.