शोकसभेतला फोटो

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका ब्रिटिश विनोदी नटाची शोकसभा झाली. तो गेला तिकडे विलायतेत. पण त्याच्या जुन्या मालिकांवर जीव टाकणारी मोजकी मंडळी इथे असल्यामुळे अध्यक्ष, हार आणि उदबत्ती हे सगळं ओघानेच आलं.

अडचण फोटोची होती. मिळेल त्या फोटोत गृहस्थांनी गाल फुगवून डोळे तिरळे केलेले. अशा चेहऱ्याला हार घालायचा कसा, म्हणून नेन्यांनी शोधून शोधून एक गंभीर फोटो छापून आणला. त्यात सूट, टाय आणि मिटलेले ओठ होते. एखाद्या निवृत्त बँक मॅनेजरच्या शोकसभेलाही तो चालला असता.

लिमयेबाई फुलं घेऊन पुढे गेल्या आणि थबकल्या. आजारपणाचं अख्खं वर्ष त्यांनी या नटाच्या मालिका बघत काढलं होतं.

"नेने, हे कोण?"

"अहो, तेच ते."

"मी नाही ओळखत यांना. मी आमच्या माणसाला निरोप द्यायला आलेय."

त्यांनी मोबाइलवर गाल फुगवलेला चेहरा काढला आणि मोबाइल हार घातलेल्या फोटोला टेकवून ठेवला.

"बरं दिसत नाही हो हे," अध्यक्ष पुटपुटले.

मेल्यावर माणसाने गंभीर दिसावं, हा आग्रह नेमका कुणाचा असतो? गेलेल्याचा तर नसावा. हयातभर ज्याने तसं दिसणं टाळलं, त्याला आपण अखेर गाठतो आणि नीट बसवतो.

लिमयेबाईंनी मोबाइलपुढे फुलं वाहिली. त्या चेहऱ्याकडे बघून आधी त्यांना हसू फुटलं, आणि मग कुठे रडता आलं.