सुभेदारांचा पहिला सॅल्यूट

फौजेतले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ट्रंकेच्या तळाशी वाळू साचते तसे ते साचतात, आणि सुट्टीवर आलं की दोस्त ट्रंक उलटी करायला लावतात. माझ्याकडे जरा जास्तच आहेत, कारण मी फौजेत दोनदा गेलो म्हणा ना. आधी नर्सिंग असिस्टंट म्हणून, मग अधिकारी म्हणून.

*

नर्सिंग असिस्टंट म्हणजे जवानांची मलमपट्टी, इंजेक्शनं, सलाईन. पण सोनगीरजवळच्या आमच्या गावात मी पहिल्या सुट्टीपासून ‘डॉक्टर’. एकदा शेजारचे नाना सकाळीच दारात उभे.

“डॉक्टर, चाल. म्हैस चारा खात नई शे.”

“नाना, मी माणसांचं पाहतो.”

“मंग? फौजमा घोडा नई शेत का?”

गेलो. नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवून आलो. दुपारी म्हैस आपोआप खायला लागली आणि माझी प्रॅक्टिस वाढली.

*

मला घडवलं ते साक्रीच्या सुभेदार साहेबांनी. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. मला पहिलं इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या दंडावर द्यायला लावलं. अधिकारी व्हायच्या परीक्षेलाही त्यांनीच बसवलं. लेखी निघायची, पण मुलाखतीत दोनदा आपटलो. वय सरत आलं होतं, आता एकच संधी उरली होती. मी हात टेकले तेव्हा उस्ताद म्हणाले, “तू पास व्हय. तुले पहिला सॅल्यूट मीच ठोकसू.”

खोटं कशाला सांगू, खांद्यावरच्या ताऱ्यांपेक्षा मला त्या सॅल्यूटची हाव सुटली.

*

शेवटची मुलाखत. समोरचे कर्नल साहेब प्रश्न विचारता विचारता सारखे खोकत होते. देशाच्या सीमांवर बोलायचं सोडून माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, कितने दिन से है?”

“तीन दिन से,” साहेब म्हणाले.

“बलगम?”

साहेबांनी कफाचंही उत्तर दिलं. बाहेर आलो तो घरी जायच्या तयारीनंच. पण यादीत नाव होतं!

*

अकादमीतलं प्रशिक्षण संपलं, अधिकारी झालो, तसा घरी फोन लावला. “भाऊ, मला कमिशन मिळालं!”

आमचे वडील, म्हणजे भाऊ, जन्मभर धुळ्याच्या मार्केट यार्डात कांदा विकत आलेले. कमिशन म्हणजे काय ते अडत्यांकडून चांगलं शिकलेले. ते हळू आवाजात म्हणाले, “परत दी टाक, बेटा. आपले असा पैसा नको.”

*

नव्या युनिटच्या गेटवर पोचलो. पहाऱ्यावरचा संतरी दिसला आणि जुन्या सवयीनं माझाच हात आधी वर गेला. त्यानंही घाईघाईनं सॅल्यूट केला. आता फौजेचा कायदा असा, की सीनियरनं हात खाली केल्याशिवाय ज्युनियरनं करायचा नाही. मी वाट पाहतोय, तोही पाहतोय. शेवटी ओठ न हलवता तो पुटपुटला, “साहब, पहले आप.”

उस्ताद तोवर पेन्शनीवर गेले होते. आपला पहिला सॅल्यूट असा गेटवर वाया गेला, याचं मला फार वाईट वाटलं.

*

सुट्टी मिळाली तशी वर्दी घालून आधी साक्री गाठली. उस्ताद बनियन-पायजम्यावर ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला पाहिलं आणि उठून आत गेले. बाहेर आले ते डोक्यावर फौजेतली जुनी टोपी घालून. टाचा जुळवल्या, छाती काढली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

“जय हिंद, साहेब.”

माझाही हात त्याच क्षणी वर गेलेला. “जय हिंद, उस्ताद.”

त्यांचा हात खाली येईना. माझाही येईना. दोघांचे डोळे भरले, पण पुसणार कशानं?

उस्तादांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन दारात आल्या. एकदा उस्तादांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“आते कोणी तरी एक जन हात खाले करा. चहा थंडा व्हई राह्यना.”