भिकाजी तांडेल आणि छातीवरची पट्टी

भिकाजी सगुण वायंगणकर (१९४१–२०१४), राहणार हरमल, तालुका पेडणे. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे समुद्रात सोडलेले लांबलचक जाळे, ओढणाऱ्या मंडळींचे ते तांडेल, म्हणजे म्होरके. दोरीवर पाण्यालगतची जागा, जिथे ताण सर्वाधिक, ती वर्षानुवर्षे त्यांचीच होती.

१९९९च्या नोव्हेंबरात डिचोलीकडच्या सुर्ल्याची कमलाक्षी परब किनाऱ्यावर आली. पुण्यात ती व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. कष्टात हृदय किती पेलते, हे तिला प्रबंधासाठी रापणकरांच्या छातीवर ठोके टिपणारी पट्टी बांधून मोजायचे होते. भिकाजींना त्यात काळेबेरे दिसले. होटेलवाल्यांचा किनाऱ्यावर डोळा होताच; ही त्यांनीच पाठवलेली असेल.

"इतक्या शिकान मगे काय करतलंस गो?"

"कोणी खेळाडूंच्या संघाबरोबर जातात, कोणी कॉलेजात शिकवतात. मी इस्पितळात हृदयाच्या रोग्यांना पुन्हा चालते करणार."

"चालूक शिकवूक डिग्री? मगे धावूक डॉक्टरेट आसतली!"

मंडळी खदखदून हसली. तेवढ्यात जाळे जड झाले आणि कमलाक्षीनेही दोरीला हात घातला. ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा, हा रापणीचा रिवाज. भिकाजींनी तिच्यापुढे बांगडे ठेवले. तिने हात जोडले.

"नको, तांडेलकाका. ज्यांना मोजायचे त्यांच्याकडून काही घेऊ नये, असा आमचा नियम आहे."

हसणे थांबले. वाटा नाकारतो तो टेहळणीला आलेला, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होते.

"उद्यां येव नको," भिकाजी म्हणाले.

संध्याकाळी घरमालकीण जानकीबाईंनी तिला तिची चूक समजावली. दुसऱ्या दिवशी कमलाक्षीने दोरी ओढली आणि सर्वांदेखत वाटा ओढणीत घेतला.

"नियम मोडलंस?"

"मोडला. प्रबंधात तसे लिहीनही."

मंडळी पट्टी बांधायला तयार झाली. भिकाजींनी मात्र तिला होडीआड बोलावले. होटेलवाले हे निमित्त होते. खरा संशय वेगळा होता.

"ह्यां यंत्र माझां वय सांगतलां. आकडो म्हादेवाक दिसलो, तर माझी जागा गेली." महादेव हा त्यांचा मुलगा, त्या जागेवर त्याची नजर होती.

"ज्याचा आकडा, त्यालाच सांगते. प्रबंधात नाव येत नाही."

"शपथ?"

"शपथ."

त्यांनी पट्टी बांधली. ओढ संपल्यावर तिने हलक्या आवाजात काही सांगितले. भिकाजींनी पट्टी सोडून तिच्या हातात दिली. आठवड्याने पाण्यालगतची जागा त्यांनी आपणहून महादेवला दिली; गुडघा दुखतो, म्हणाले. गावाला पटले. महादेवला पटले नाही. फुकट मिळालेल्या जागेवर तो बिचकतच उभा राहिला.

कमलाक्षीला पदवी मिळाली, पुढे म्हापशाच्या एका इस्पितळात नोकरीही. बापाचे दिवसकार्य आटोपून महादेव तिच्यापुढे जाऊन बसला.

"बापाशीक त्या दिवशी काय सांगलात?"

तिने चहा मागवला. उत्तर दिले नाही. ते उत्तर आपले येणे आहे, असे महादेव आजही मानतो. कमलाक्षी मानत नाही.