नंबरबाई आणि मुकुटातला म्हातारा

नंबरबाईंनी मला पहिल्याच दिवशी सात नंबर दिला आणि मी फुशारलो.

त्यांच्या दारात मी ट्रंक घेऊन उभा होतो. नागपूरहून एसटीनं आलेला, शर्टाची इस्त्री मोडलेली, पण भौतिकशास्त्रात बी.एस्सी. असल्याचा माज मात्र कडक. सिंदेवाहीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो होतो आणि बाईंकडे एक खोली भाड्यानं मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. बाईंनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा निरखलं आणि म्हणाल्या, "सात. या जी गुरुजी, आत या." दहापैकी सात! मी आईला पत्र लिहिलं की घरमालकीण मोठी गुणग्राहक आहे.

दोन महिन्यांनी उलगडा झाला. बाई धानाच्या संशोधन फार्मवर कामाला होत्या. तिथं प्रत्येक बांधीतल्या, म्हणजे शेताच्या तुकड्यातल्या, धानावर रोग किती पडला त्याला शून्य ते नऊ असा नंबर देतात. शून्य म्हणजे धान ठणठणीत आणि नऊ म्हणजे उभ्या उभ्या मेलेलं. म्हणजे बाईंच्या लेखी मी जवळपास वाळलो होतो आणि पत्र तर पोस्टात पडून गेलेलं!

या नंबरापायी सगळं गाव त्यांना नंबरबाई म्हणत असे. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण प्रौढांच्या वर्गात झालेलं, अक्षर मात्र माझ्यापेक्षा गोल. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी, खाली खुंटीला नंबर लिहायची पुठ्ठ्याची पाटी आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. नंबराशिवाय त्यांना बोलताच येत नसे. पुढाऱ्याच्या भाषणाला आठ. शेजारच्या लग्नातल्या नवरदेवाला तीन, "पण सासू सहा हाये, पोरीनं जपून राहाव." मी हौसेनं केलेली वांग्याची भाजी त्यांनी बोटानं चाखली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "नऊ. पीक गेलं."

दर बाजाराच्या दिवशी त्या एका वहीत हे सगळे नंबर मांडत. त्यात 'गुरुजी' असं एक घर होतं. ते सातवरून सहावर यायला मला पहिलं वर्ष लागलं, तेही मी सकाळी उठून अंगण झाडायला लागलो म्हणून.

पण फार्मवर या डोळ्याची किंमत होती. मजुरी इतर बायांइतकीच, तरी फार्मचे साहेब बांधीत उतरण्याआधी हाक मारत ती बाईंना. पद्धत अशी की दोघांनी वेगवेगळं हिंडायचं, वेगवेगळ्या पाट्यांवर नंबर लिहायचे आणि शेवटपर्यंत एकमेकांची पाटी पाहायची नाही. साहेबांचा आणि बाईंचा नंबर जुळला नाही तर साहेब परत बांधीत जात. बाई जात नसत. ती पाटी हातात घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना त्यांची मान जी ताठ असे, तशी मी शाळेत इन्स्पेक्टरचीसुद्धा पाहिली नाही.

आता मी लावलेल्या दिव्यांकडे वळतो. मला आकाशात नाव काढायचं होतं. जमिनीवर ते निघण्याची शक्यता नव्हती, हे एव्हाना कळलं होतं. पुण्याकडचं एक आकाशनिरीक्षकांचं मंडळ होतं. त्यांचं काम रूपविकारी ताऱ्यांवर चाले, म्हणजे ज्यांचा उजेड कमी-जास्त होतो अशा ताऱ्यांवर. अशा ताऱ्याकडे रोज पाहायचं, त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, किती ते लिहायचं आणि महिन्याचा तक्ता पोस्टानं पाठवायचा. मी पत्र टाकलं. उलट टपाली नकाशा आला आणि एक तारा माझ्या वाट्याला आला. उत्तर मुकुट नावाचं ताऱ्यांचं अर्धं कडं आहे, त्याच्या पोटातला. नुसत्या डोळ्यांना दिसेल न दिसेल असा, पण माझ्याकडे मामांची जुनी दुर्बीण होती, त्यात छान दिसे.

ताऱ्यांच्या प्रतीचं गणित उलटं असतं. आकडा लहान तितका तारा तेजस्वी, मोठा तितका मंद. हे माझ्या वर्गातल्या पोरांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. खरं सांगायचं तर बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मीही तिथंच आपटलो होतो. बाईंना मी हे समजावायला बसलो, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय जी? शून्य बरा, नऊ वाईट. धानाचंच त हाये."

मग मी नकाशा दाखवला. आपल्या ताऱ्याशेजारी दोन तारे घ्यायचे, एक जरा उजळ, एक जरा मंद, ज्यांची प्रत नक्की ठाऊक आहे असे. मग आपला त्यांच्या मधे कुठं बसतो ते ठरवायचं. बाई हसायला लागल्या. फार्मवर प्रत्येक नव्या वाणाच्या दोन्ही बाजूंना ओळखीच्या वाणाची ओळ लावतात, एक रोगाला दाद न देणारी आणि एक लगेच बळी पडणारी. त्यांना चेक म्हणतात. "हा चेक, थो चेक, मधात आपला प्लाट," बाई म्हणाल्या. हात पदराला पुसले, दुर्बीण घेतली आणि पाच-सात श्वासांत सांगितलं, "सहा." मी अर्धा तास कंदिलाशी नकाशा धरून, मान मोडून, त्याच आकड्यावर पोचलो होतो.

हा तारा म्हातारा आहे, मी सांगितलं. वर्षानुवर्षं सहावर बसून असतो. मग एकाएकी पोटातली काजळी बाहेर टाकतो आणि त्या काजळीमागे स्वतःच झाकला जातो. केव्हा टाकेल ते कोणीच सांगू शकत नाही. "म्हणजे म्हातारं माणूस खोकलते तसं," बाई म्हणाल्या, "आन् कंदिलाची काच काजळते." मला वर्गात हे शिकवायला दोन तास लागले असते.

तेव्हापासून रोज जेवणाआधी अंगणात आम्ही दोघं म्हाताऱ्याला पाहत असू. फार्मची शिस्त बाईंनी अंगणातही आणली. दोन कागद, एकमेकांचा पाहायचा नाही, महिन्याच्या शेवटी मिळवायचे. सहा. सहा. सहा. एखादे वेळी सहाला थोडा कमी. बाई कंटाळल्या नाहीत. मी कंटाळलो. पोस्टमास्तरांकडे नवा टीव्ही आला होता आणि नेमक्या म्हाताऱ्याच्या वेळेला मालिका लागे. मग मी काय केलं असेल? बाईंना 'मी अंधार पडताच पाहून घेतला' असं सांगून टीव्हीकडे पळायला आणि रविवारी बसून आठवड्याभराचे सहा एकदम लिहून टाकायला लागलो. अभ्रं असली तरी सहा. पोळ्याच्या दिवशी तर इतका पाऊस होता की बैल शाळेच्या व्हरांड्यात आणून उभे केले होते, त्याही तारखेला माझा तारा सहावर लखलखत होता. बाईंच्या कागदावर पावसाळाभर कोरी घरं. मला ते कागद गबाळे वाटत.

पाऊस उघडला, आश्विन लागला. महिनाअखेरीस कागद मिळवले आणि पाहतो तो काय, शेवटच्या दहा-बारा दिवसांत बाईंचे आकडे घसरत गेलेले. सहा पॉइंट चार. सात. सात पॉइंट आठ. साडेआठ. आणि शेवटचे तीन दिवस 'दिसत नाई'. माझ्या कागदावर सहा, सहा, सहा, पोलिसांच्या कवायतीसारखे उभे.

त्या क्षणी शहाण्या माणसानं एकदा वर पाहिलं असतं. मी म्हणालो, "बाई, डोळे दाखवून या. मोतीबिंदू असेल."

बाईंनी आपला कागद डोळ्यांजवळ धरला. मग हळू म्हणाल्या, "मलेही वाटून राह्यलं होतं. तुमाले रोज दिसते न, गुरुजी?"

"रोज," मी म्हणालो. त्यांच्या कागदावर काट मारली आणि माझा एकट्याचा कागद पुण्याला रवाना केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फार्मवर साहेबांना पाटी परत केली. ऐन मानमोडीचे दिवस होते. लोंबीच्या मानेवर रोग पडतो, मान काळी पडते, तो ओळखायलाच तर डोळा लागतो. "माहे डोळे गेले जी, दुसऱ्याले पाह्याले लावा," एवढंच बोलल्या. साहेबांनी त्यांना पाखरं हाकलायला बसवलं. संध्याकाळी घरी आल्या तर खुंटी रिकामी होती.

त्या दिवशी जेवणाआधी त्याच म्हणाल्या, "गुरुजी, एक डाव मले दाखवा. तुमी पाहा आन् कुठी हाये ते बोटानं सांगा. मी थेच जागा पाहतो. दिसला त दिसला."

किती दिवसांनी मी दुर्बीण डोळ्यांना लावली, देव जाणे. पश्चिमेला मुकुट उतरत होता. कडं दिसलं, दोन्ही चेक दिसले, आणि मधली जागा साफ रिकामी. मी काच पुसली. परत पाहिलं. सगळी हयात ज्या क्षणासाठी पुण्याला तक्ते पाठवायचे, तो क्षण येऊन दहा-बारा दिवस झाले होते, आणि मी टीव्ही पाहत होतो!

"हाये?" बाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "सहाच."

बाईंनी दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं, मग ती दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिली आणि चुलीकडे गेल्या. त्या रात्री वरणाला नंबर मिळाला नाही.

मी आयुष्यात बरंच खोटं बोललो आहे, पण त्या एका शब्दाची आठवण आली की अजून कान तापतात.

सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत मी फार्मवर पोचलो. जायला धुरा होता. मी घाईत बांधीतून गेलो आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो, एक चप्पल तिथंच राहिली. बाई पलीकडच्या धुऱ्यावर टिनाचा डबा वाजवत बसल्या होत्या. आसपास दहा-बारा बाया, पाटी घेतलेला एक नवखा पोऱ्या आणि साहेब. मी तिथूनच ओरडलो, "बाई, मी पाहिलंच नाही!"

डबा थांबला.

"काय पाहलं नाई?"

"तारा! कित्येक दिवस पाहिलाच नाही. घरी बसून सहा लिहीत होतो. तुमचे डोळे चांगले आहेत. तारा खरंच गेला आहे."

"मंग काल त पाहलं तुमी."

"काल पाहिलं. दिसला नाही."

"मंग हाये काऊन म्हणलं?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

बाया खुसुखुसू हसत होत्या, एक पाय वर धरून मी चिखलात बगळ्यासारखा उभा. बाई उठल्या, पदर खोचला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "पाहलं नसन त कोरं ठेवाव जी, गुरुजी. कोऱ्या घरानं कोणाचं पीक बुडत नाई. खोट्या आकड्यानं बुडते." मग मला वरपासून खालपर्यंत, चिखलासकट, एकदा निरखलं. "नऊ," म्हणाल्या.

साहेबांनी पोऱ्याच्या हातातली पाटी काढून बाईंना दिली. बाईंनी पेन्सिल जिभेला लावली आणि पहिल्या बांधीपासून सुरुवात केली. माझी चप्पल दुपारी एका बाईनं शाळेत आणून दिली, अख्ख्या आठवीच्या वर्गासमोर.

संध्याकाळी बाईंनी मला पुण्याला पत्र लिहायला बसवलं. त्यांचे आकडे, आणि माझ्या आकड्यांबद्दल 'पाहिलेले नाहीत' असं स्पष्ट. पोळ्याच्या सहाचाही कबुलीजबाब त्यांनी लिहून घेतला. मंडळानं त्यांची निरीक्षणं आपल्या पत्रिकेत छापली, नावामागे 'श्री.' लावून. बाईंनी तो अंक पाहिला आणि म्हणाल्या, "नाव बरोबर हाये, माणूस चुकला. दोन." पुढच्या उन्हाळ्यात काजळी विरली आणि तारा हळूहळू परत सहावर आला. "म्हातारा उठून बसला," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी खीर केली होती.

वहीतल्या माझ्या घराला नऊवरून पाचवर यायला तीन वर्षं लागली. मग माझी बदली अहेरीकडे झाली. निघताना म्हणालो, दर महिन्याला येऊन जाईन. एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. पण कधी पूर, कधी परीक्षा, कधी नुसताच आळस. चार वर्षं गेलो नाही. ती वर्षं कशी गेली म्हणून विचारलंत, तर मी छान सांगेन, सगळी सहा, सहा, सहा.

गेलो तेव्हा बाई रिटायर झाल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. जयभीम केला, पाणी दिलं आणि वही काढली. प्रत्येक बाजाराच्या दिवसाची ओळ होती. पावसाला नंबर, भाजीला नंबर, नव्या भाडेकरूला नंबर. 'गुरुजी' या घराखाली चार वर्षं एकही आकडा नव्हता. घर मात्र आखलेलं, प्रत्येक ओळीत.

"पाहलंच नाई न तुमाले," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात.

मग त्यांनी मला उजेडात उभं केलं, निरखलं आणि वहीत काहीतरी लिहून हातानं झाकलं. एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "आता तुमचा तुमी लिहा. मंग मिळवू."

मी पेन्सिल घेतली. पाच लिहावं वाटलं, मग सात. नऊसुद्धा वाटलं, पण त्यातही थोडी ऐट होती. शेवटी कागद तसाच परत दिला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोडरबर मागितलं, वहीतला आपला आकडा खोडला, दुसरा लिहिला आणि वही मिटून टाकली. खोकल्याची उबळ थांबल्यावर म्हणाल्या, "जेवून जा जी."

त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं. वही कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना, जावयाला, निवृत्तीच्या समारंभात सगळ्या स्टाफला मी सांगत आलो आहे की नंबरबाईंनी शेवटी मला दोन नंबर दिला. टाळ्याही मिळतात. पण तो आकडा मी पाहिलेला नाही. इथं तरी कोरं ठेवतो.