नाकावरची तार

आमची थोरली वहिनी म्हणजे अख्ख्या देवगड तालुक्यातली सर्वांत रडकी नर्स, आणि ही बाई आयुष्यात कधी रडलेली नाही. पाठवणीच्या वेळी सगळं माहेर हुंदके देत होतं, तेव्हा हिने आमच्या दादाला विचारलं होतं, टेम्पोवर ताडपत्री घातलीय ना, माझं कपाट भिजेल. तीच वहिनी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत मास्क लावून बसली की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. मास्कची वरची कड सैल असली की श्वास तिथून वर निसटतो, दिवसभर डोळ्यांवर वारा लागतो, डोळे कोरडे पडून चुरचुरतात आणि चुरचुरले की गळायला लागतात. कोरडे म्हणून ओले, हे पेशंटला कोण समजावणार? एका बागायतदाराच्या बोटात बांगड्याचा काटा गेला. वहिनी बोटावर वाकली आणि टपटप थेंब पडले. त्याच्या बायकोने तिथेच ऊर बडवला, मुंबईच्या मुलाला फोन गेला, तो मिळेल त्या गाडीने नांदगाव स्टेशनला उतरून धापा टाकत घरी पोचला, तर बाप ओसरीवर बसून सोलकढी भुरकत होता. एक म्हातारी मात्र वेगळीच. मुलगा मुंबईला, घरात एकटी. पायाची जखम बांधून घेता घेता ती उलट वहिनीचेच डोळे पदराने पुसायची आणि नंतर बाकावर तासभर बसून गप्पा मारायची.

शेवटी तक्रारी गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे बरे झाले नाहीत तर औषधांच्या कोठीत बसा, तिथे हवं तेवढं रडा. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. माणसांशी बोलल्याशिवाय तिला जेवण जात नाही. गोळ्यांच्या खोक्यांशी काय बोलणार, डोंबल? डोळ्यांत थेंब घालून झाले, पापण्या मिटून बसणं झालं, गुण येईना.

शोध मी लावला, तोही भुकेपोटी. सुकटीची पिशवी उघडायला गेलो, तर तिचं तोंड बारीक पांढऱ्या तारेने बांधलेलं. शेजारी सोलांची पिशवी, कुळथाच्या पिठाची पिशवी, सगळ्यांच्या गळ्यात तीच तार. ही तर मास्कची नाकावरची तार! नाकाला टोचते म्हणून वहिनी प्रत्येक मास्कमधून ती उपसून काढायची आणि टाकायची कशाला म्हणून घरी आणायची. आमच्या घरात करवंटीसुद्धा वाया जात नाही, तिथे तार कुठली जाणार? सुकट बंदोबस्तात आणि डोळे वाऱ्यावर. मी पोट धरून हसलो, तिने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. पण दुसऱ्या दिवसापासून तारेसकट मास्क लावला, तार नाकावर दाबून बसवली. हळूहळू डोळे निवळले आणि कोठी टळली.

त्यानंतर एकदा मी वहिनीचा डबा घेऊन गेलो, तेव्हा ती म्हातारी आलेली होती. जखम बांधून होईपर्यंत ती वहिनीच्या डोळ्यांकडेच बघत होती. सवयीने पदराचं टोक हातात धरलेलं. मग हळूच म्हणाली, "आता माझ्यासाठी रडणस नाय गो, बाय?"

वहिनीने तिला समजावलं, डोळ्यांचा त्रास होता, आता बरा झाला. म्हातारी म्हणाली, बरां झालां. पदर सोडला आणि काठी टेकत निघून गेली. त्या दिवशी बाकावर बसली नाही.

वहिनी पाठमोरी होऊन कापूस आवरत राहिली. बराच वेळ आवरत होती. वळली तेव्हा मास्क डोळ्यांखाली भिजलेला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. तार नाकावर घट्ट बसलेली होती.

"तार सैल झाली वाटता, भावजी," ती म्हणाली.

एरवी मी तिला सोडली नसती.

"होय," मी म्हटलं, "सैलच आसा."